उरलेलं लाकूड

आषाढाची झड लागली, की सह्याद्रीच्या जंगलात पडून राहिलेली लाकडं केशरी होऊ लागतात. सगळीच नाहीत. ज्यांची साल गळून गेली आहे, ज्यांना उन्हाळ्यात लांब भेगा पडल्या आहेत, अशा ओंडक्यांच्या भेगांतून ओळीनं इवली इवली पाती वर येतात. खाली बारीक देठ, वर पसरट होत गेलेलं टोक, उंची जेमतेम एखाद-दोन सेंटीमीटर. बोट लावलं तर ओलं, मऊ, लवचीक. दाबलं की वाकतं, सोडलं की पुन्हा सरळ होतं. ढगाळ दिवसाच्या मंद उजेडातही पिवळा-केशरी रंग लांबून ओळखू येतो.

ही जेली बुरशी. शास्त्रीय नाव डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथ्युलॅरिया. पावसाळ्यात अळंबी शोधणारे लोक वारुळांच्या आसपास फिरतात, कारण ताटात येणारी रोणाची अळंबी तिथे उगवते. ओंडक्यावरचा हा केशरी ठिपका बघून न बघितल्यासारखा मागे राहतो. त्यानं पोट भरत नाही, आणि सरपण गोळा करणाऱ्याला तर असा ओंडका नकोच असतो. पण जंगलाच्या हिशेबात या ठिपक्याला जागा आहे. ती जागा नीट समजून घेतली, तर आपल्या आयुष्यातल्या एका अवघड गोष्टीकडे बघण्याची रीत सापडते, असं मला वाटतं.

या बुरशीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८२२ साली झालं. उत्तर कॅरोलिनातल्या सेलम गावात मोरेव्हियन पंथाचे एक धर्मोपदेशक होते, लुईस डेव्हिड फॉन श्वाइनिट्झ. प्रवचनं, प्रार्थना, पंथाचा कारभार सांभाळता सांभाळता त्यांनी त्या परिसरातल्या बुरश्यांची मोठी यादी तयार केली. ज्या गोष्टीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिच्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षं दिली. त्या यादीत ही केशरी पाती होती. पुढे १९४८ साली जी. डब्ल्यू. मार्टिन यांनी तिला आजचं नाव दिलं. जगाच्या उष्ण आणि दमट भागांत ती दूरवर पसरलेली आहे. तिची भावंडं थंड डोंगरांवर, पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या मेलेल्या लाकडावर, पिवळी-केशरी होऊन दिसतात. सगळ्यांची अट एकच: लाकूड मेलेलं हवं.

तिची जेली म्हणजे बहुतांशी पाणीच. बुरशीचे बारीक तंतू आणि त्यांच्याभोवती साखरेच्या लांब साखळ्यांपासून झालेला एक चिकट पदार्थ. हा पदार्थ पाणी शोषतो आणि धरून ठेवतो. पावसानं चार दिवस उघडीप दिली की पाणी उडून जातं. पाती आक्रसते, कडक होते, रंग गडद होतो. नुसत्या डोळ्यांना ती संपलेलीच वाटते. पुन्हा सर आली की काही तासांत तीच पाती फुगते, मऊ होते आणि आपलं काम पुढे चालू करते. रंग तिला कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांनी मिळतो. गाजराचा रंगही याच गटातला. उघड्यावर आलेल्या नाजूक पेशींना प्रखर उजेडाची इजा होऊ नये, म्हणून हा रंग राखणदारी करतो.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक नवल दिसतं. बीजाणू धरणाऱ्या तिच्या पेशींचा आकार थेट बेचकीचा असतो: एक दांडा, वर दोन फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक बीजाणू. सुटण्याची वेळ आली की बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा अतिसूक्ष्म थेंब जमतो. तो वाढत जातो आणि बीजाणूच्या अंगावरच्या पाण्याच्या पातळ थराला भिडतो. दोन्ही पाणी एक होताना पृष्ठताणाची जी ऊर्जा मोकळी होते, तिच्या झटक्यानं बीजाणू हवेत उडतो. हा थेंब आज बुलर यांच्या नावानं ओळखला जातो. कॅनडातल्या विनिपेगमध्ये राहून रेजिनाल्ड बुलर यांनी बुरश्यांच्या निरीक्षणात आयुष्य घालवलं. त्यांच्या संशोधनाच्या सात खंडांपैकी पहिला १९०९ साली निघाला आणि शेवटचा त्यांच्या मृत्यूनंतर. इतकी एकाग्र नजर मिळाल्यावर एका थेंबातही केवढी यंत्रणा सापडते! पाणी नसेल तर हा थेंब नाही आणि थेंब नसेल तर पुढची पिढी नाही. म्हणून ही बुरशी पावसाची वाट बघते.

पण मला मोह पडतो तो तिच्या लाकडातल्या कामाचा. वर दिसणारी पाती हे तिचं फळ. खरी बुरशी ओंडक्याच्या आत, तंतूंच्या रूपानं पसरलेली असते. लाकूड मुख्यतः तीन गोष्टींचं असतं. सेल्युलोजचे लांब धागे, त्यांच्या जोडीची हेमिसेल्युलोज आणि या सगळ्यांना एकत्र बांधून कडकपणा देणारं लिग्निन. लिग्निन फोडणं अतिशय कठीण. काही बुरश्या तेही फोडतात. त्यांनी कुजवलेलं लाकूड पांढुरकं, धाग्याधाग्यांचं होतं. दुसऱ्या काही बुरश्या फक्त सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज खातात, लिग्निनमध्ये थोडा बदल करतात आणि बरंचसं तसंच ठेवून देतात. त्यांनी सोडलेलं लाकूड तपकिरी होतं, आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी ठोकळे पडतात आणि चिमटीत धरलं की त्याचा भुगा होतो. याला तपकिरी कूज म्हणतात. आपली केशरी पाती या दुसऱ्या गटातली.

२०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात ३१ बुरश्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात याच पातीच्या प्रजातीतली एक सख्खी बहीण होती. लिग्निन फोडणारी प्रभावी विकरं बुरश्यांच्या वंशात सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी विकसित झाली असावीत, असा अंदाज त्या अभ्यासातून पुढे आला. तपकिरी कूज करणाऱ्या बऱ्याच बुरश्यांच्या पूर्वजांकडे ती विकरं होती आणि पुढच्या पिढ्यांनी ती गमावली. जेली बुरश्यांच्या या घराण्याची गोष्ट वेगळी आहे. ती शक्ती येण्याआधीच त्याची शाखा वेगळी झालेली होती. म्हणजे लिग्निन पचवणं या घराण्याला कधी साधलंच नाही. लाकडाचा सर्वांत कठीण भाग त्याच्या आवाक्याबाहेर राहिला. तरीही कोट्यवधी वर्षं ते टिकून आहे, पसरलेलं आहे. जेवढं पचतं तेवढं पचवायचं, उरलेलं मातीच्या हवाली करायचं, एवढ्यावर त्याचं निभावलं.

आणि त्या उरलेल्याचं काय होतं? इथे निसर्गानं मोठी शिकवण ठेवलेली आहे. रॉकी पर्वतांतल्या सूचिपर्णी जंगलांत संशोधकांना जमिनीत तपकिरी कुजलेल्या लाकडाचे थरच्या थर सापडले. हे काम अर्थातच एकट्या जेली बुरशीचं नसतं. खोडांवर कडक, फळीसारखी फळं धरणाऱ्या बुरश्या त्यातला मोठा वाटा उचलतात. पण रीत तीच. पचण्यासारखं गेलं आणि लिग्निन उरलं. हे उरलेलं लाकूड त्या थंड मातीत शेकडो वर्षं टिकू शकतं. ते सच्छिद्र असतं, भरपूर पाणी धरून ठेवतं. उन्हाळ्यात भोवतालची माती कोरडी पडते तेव्हा त्यात ओल असते आणि झाडांची मुळं तिथे जमतात. मुळांशी सहजीवनानं राहणाऱ्या बुरश्याही तिथेच वस्ती करतात. एका झाडाचं न पचलेलं लाकूड दुसऱ्या झाडाच्या कोरड्या दिवसांची तरतूद होतं.

आपल्याकडे ऊब, मुसळधार पाऊस आणि वाळवी यांच्यामुळे लाकूड फार लवकर संपतं, त्यामुळे असे शतकानुशतकांचे थर साठत नाहीत. तरी पडलेल्या ओंडक्याचं मोल इथेही तेवढंच आहे, आणि आपल्या पूर्वजांनी ते एका व्यवस्थेत जपलं होतं. ती व्यवस्था म्हणजे देवराई. १९७०च्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्यासोबत पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला. कित्येक देवरायांचा नियम इतका कडक, की झाड तोडणं सोडाच, आपसूक पडलेली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. देवाचं आहे, देवापाशी राहू दे. चुलीला लाकूड हवं असलेल्या माणसांनी हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला. देवराईत पाऊल टाकल्यावर जी थंड, ओलसर, मऊ जमीन लागते, ती या पाळण्यातून तयार झालेली आहे. तिथल्या जमिनीत पाणी मुरतं आणि कित्येक देवरायांच्या पायथ्याशी झरे वाहतात, ते उगाच नाही.

आता या ओंडक्याकडून माणसाकडे येते.

आपल्या आयुष्यातही झाडं पडतात. आई जाते. एखादं मूल जातं. चाळीस वर्षांचं काम एका दिवसात हातून सुटतं. जन्मभराची वाटलेली मैत्री तुटते. पडल्याचा आवाज होतो, माणसं धावत येतात, सांत्वन करतात. मग थोड्याच दिवसांत एक अपेक्षा भोवती उभी राहते: आता हे आवर. फोटो डोळ्यांसमोरून काढ, कपडे वाटून टाक, कामाला लाग, मन गुंतव. सांगणाऱ्यांच्या मनात मायाच असते. त्यांना आपलं अंगण पुन्हा मोकळं झालेलं बघायचं असतं. पण जमिनीला मोकळ्या अंगणाची गरज नसते. तिला पडलेलं लाकूड हवं असतं.

आपल्या जुन्या रिवाजांना हे कुठेतरी ठाऊक होतं. तेराव्या दिवशी गोडाचं जेवण झालं, की शोक संपला असं त्यांनी कधी म्हटलं नाही. पुढे महिन्या-महिन्याची श्राद्धं ठेवली, वर्षश्राद्ध ठेवलं, घरातली शुभकार्यं आणि सणांचा थाट वर्षभर आवरता घेतला. त्यानंतरही दर भाद्रपदात एक पंधरवडा गेलेल्यांसाठी राखला. कर्मकांडावर विश्वास असो वा नसो, त्यामागची समज मोलाची आहे. दुःखाला कुजायला वेळ लागतो, आणि तो वेळ समाजानं द्यायचा असतो.

हे काम सलग होत नाही, हेही ती केशरी पाती शिकवते. कोरड्या दिवसांत ती थांबते. दुःखही असंच थांबतं. महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. माणूस हसतो, हिशेब करतो, लग्नांना जातो. त्याला वाटतं, संपलं. आणि मग एखाद्या दुपारी कपाटातून जुन्या साडीचा वास येतो, कुणाच्या तरी खोकण्याची ढब तशीच ऐकू येते आणि सगळं पुन्हा ओलं होतं. अशा वेळी माणूस घाबरतो. इतकी वर्षं झाली आणि आपण परत तिथेच आलो, असं म्हणून स्वतःला दोष देतो. दोष देण्यासारखं काही झालेलं नसतं. थांबलेलं काम पुन्हा चालू झालेलं असतं. ओल आल्याशिवाय ते पुढे सरकतच नाही. म्हणून ते अश्रू मागे नेणारे नसतात. ते पुढच्या कामाचे असतात.

आणि तरीही सगळं पचत नाही. ही गोष्ट मान्य करणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. काही दुःखांचा गाभा शेवटपर्यंत तसाच राहतो. ज्या आईनं मूल गमावलं, तिला तुम्ही तीस वर्षांनी विचारा. तिनं संसार केलेला असतो, नातवंडं खेळवलेली असतात, तिचं हसू खरं असतं. पण आत एक भाग आहे तो तसाच आहे. त्याला पचवण्याची शक्ती तिच्याकडे नाही आणि ती कुणाकडेच नसते. आपण त्याला कमकुवतपणा समजतो. काळ हे औषध आहे असं सांगत राहतो आणि औषध पूर्ण लागू पडलं नाही म्हणून रोग्यालाच बोल लावतो.

पण त्या आईकडे कोण कोण येतं, ते बघावं. गल्लीत कुणाच्या घरी अघटित घडलं की पहिला निरोप तिच्याकडे जातो. ती फार बोलत नाही. शेजारी बसते, पाण्याचा पेला पुढे करते, चूल पेटवते, लहान मुलांना आपल्या घरी घेऊन जाते. तिच्यापाशी माणसं मोकळी होतात, कारण तिच्यात दुसऱ्याचं दुःख मुरायला जागा आहे. ज्यांनी सगळं पचवून टाकलं, निदान तसं ज्यांना वाटतं, त्यांच्याजवळ उपदेश भरपूर असतो. पण सांगितलेलं त्यांच्यावरून वाहून जातं. जागा असते ती ज्यांच्यात काही उरलं आहे त्यांच्याजवळ. कोरड्या दिवसांत मुळं तिकडेच वळतात.

महाराष्ट्राला याचं सर्वांत मोठं उदाहरण ठाऊक आहे. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात देहूच्या एका तरुण वाण्याची पत्नी गेली, मुलगा गेला, व्यवहार बुडाला. तुकोबांनी ते दुःख झटकून दुकान पुन्हा थाटलं नाही. ते डोंगरावर जाऊन बसले, त्याला सामोरे गेले. त्या ओल्या, उघड्या मनातून पुढे जे आलं, त्यावर आज चारशे वर्षांनीही शेतात, दवाखान्याच्या बाकावर, वारीच्या वाटेवर कुणीतरी तग धरून उभं राहतं. एका माणसाच्या उरलेल्या दुःखात एवढ्या पिढ्यांची मुळं गेली आहेत.

दुःख चांगलं असतं, असं मी म्हणत नाही. झाड पडू नये असंच कुणालाही वाटेल. दुःख कुरवाळत बसावं, असंही म्हणत नाही. ओंडका नुसता पडून नसतो, त्यात अखंड काम चाललेलं असतं, आणि माणसानंही आपल्या वाट्याचं काम करत राहिलं पाहिजे: बोललं पाहिजे, रडलं पाहिजे, ज्यांच्यावर जीव होता त्यांची नावं घेतली पाहिजेत, झोप उडाली किंवा जेवण तुटलं तर वैद्याची मदत मागितली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे काम पूर्ण झालंच पाहिजे हा हट्ट सोडावा. एका मऊ, इवल्या जिवाला लाकडाचा सर्वांत कठीण भाग फोडता आला नाही, आणि त्याच्यासारख्यांनी जे तसंच सोडलं त्यातून डोंगरांच्या मातीला ओल धरण्याची ताकद मिळाली. आपल्यालाही जे फुटलं नाही, ते वाया गेलं असं धरून चालण्याचं कारण नाही.

म्हणून आजच्या दिवसापुरतं दोन गोष्टी मनाशी धरू या. पावसाळ्यात डोंगरात गेलात तर कुजका ओंडका पायानं उलटू नका, त्यावरची पाती खुडू नका. तिथे काम चालू आहे. आणि आपल्या माणसांपैकी कुणाचं दुःख अजून ओलं असेल, तर "अजून सावरला नाहीस का" हा प्रश्न ओठांवर येऊ देऊ नका. त्याच्या गेलेल्या माणसाबद्दल विचारा, आठवणी सांगू द्या आणि ऐकायला वेळ काढून जा. जे त्याला पचेल ते तो पचवील. जे उरेल त्याची उद्या कदाचित आपल्यालाच गरज लागेल.